लिनक्स कर्नल, नेटवर्क सर्व्हिसेससाठी: अकरा वर्षं वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

रविवारी सकाळी दहाला टेस्ट सुरू व्हायची आणि दहा वाजून एक मिनिटाला फोन वाजायला लागायचे. पेज उघडत नाहीये, नुसतं गोल गोल फिरतंय, एकाचं उघडलं शेजारच्याचं नाही. मी नाशिकमध्ये एका छोट्या कंपनीत सर्व्हर सांभाळते, आम्ही क्लासेसना ऑनलाइन टेस्टचं पोर्टल चालवून देतो, आणि या कामात आठवडाभर फारसं कोणी फिरकत नाही आणि मग ठरलेल्या वेळेला सगळी पोरं एका सेकंदात दारात येऊन उभी राहतात. त्या दिवशी मी टॉप (मशीनवरचा लोड दाखवणारी कमांड) लावून बघितलं तर सीपीयू जवळजवळ रिकामा, रॅम भरपूर शिल्लक, डेटाबेस एकदम शांत. आमचा ज्युनियर म्हणाला, "ताई, मशीनवर तर काहीच लोड नाही, मग पेज का येत नाहीये?" तिकडे क्लासवाले सर फोनवर, इकडे प्रोग्रॅमर म्हणतोय माझ्या कोडपर्यंत रिक्वेस्टच येत नाहीये, आणि तो खरं बोलत होता हे मला तिसऱ्या रविवारी कळलं.

तिसऱ्या रविवारी मी एसएस ही कनेक्शन्स दाखवणारी कमांड लावून ऐकणाऱ्या सॉकेटची, म्हणजे नवी कनेक्शन्स जिथे येतात त्या दाराची, ओळ बघितली. आलेल्यांच्या रांगेच्या कॉलममध्ये १२९ आणि त्याच्या शेजारी मर्यादा म्हणून १२८. दर सेकंदाला कमांड पुन्हा मारली, आकडा हलेना. दहा वाजून चार मिनिटांनी तो खाली आला आणि त्याच मिनिटाला फोन थांबले. त्या दोन आकड्यांमुळे मी लिनक्सच्या कर्नलकडे, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, पहिल्यांदा नीट बघितलं.

लोकं होस्टिंगचे रिव्ह्यू लिहितात, वेब सर्व्हरचे, डेटाबेसचे लिहितात, पण ज्याच्यावर हे सगळं उभं आहे त्या कर्नलचा रिव्ह्यू कोणी लिहीत नाही. फुकट मिळतो, आधीपासून बसवलेला असतो, म्हणून ती वापरायची वस्तू आहे हेच कोणाच्या डोक्यात येत नाही. मी लिहितेय कारण मला वाटतं नेटवर्कवर काहीही चालवणाऱ्या माणसाने या वस्तूचे गुण आणि दोष दोन्ही माहीत करून घ्यायलाच हवेत, नाहीतर तो माझ्यासारखा तीन रविवार पोरांच्या शिव्या खात बसेल.

आधी तो करतो काय ते सांगते. बऱ्याच जणांचा समज असा की वेब सर्व्हर म्हणजे इंजिनएक्स किंवा अपाची, तोच नेटवर्कवरून आलेल्या माणसाशी बोलतो. तसं नाहीये. फोनवरून पोराने पेज उघडलं की पहिलं पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, येतं ते नेटवर्क कार्डकडून कर्नलकडे, तिथे टीसीपीची (दोन मशीन्समध्ये कनेक्शन जोडायची रीत) तीन पायऱ्यांची ओळखपाळख कर्नल स्वतःच उरकतो, तुमच्या प्रोग्रॅमला त्याचा पत्तासुद्धा नसतो. कनेक्शन पूर्ण झालं की कर्नल ते एका रांगेत उभं करतो आणि प्रोग्रॅमला सवड झाली की तो त्या रांगेतून एकेक उचलतो. दवाखान्यात कंपाउंडर नाव लिहून घेतो, बाकड्यावर बसवतो आणि डॉक्टर आतून बोलावतात, अगदी तसं. आमच्याकडे बाकडं १२८ जणांचं होतं. ते भरलं की कर्नल नव्या माणसाला "नाही" म्हणत नाही, तो त्याचं पॅकेट गुपचूप टाकून देतो, आणि मग फोन बिचारा एक सेकंद थांबून परत विचारतो, मग दोन सेकंद थांबतो, मग चार. म्हणून कोणाचं पेज एका सेकंदाने उघडत होतं, कोणाचं तीनने, कोणाचं सातने आणि कोणाचं उघडतच नव्हतं. हे १, ३, ७ चं माप एकदा लक्षात राहिलं की पुढे कधीही असा प्रॉब्लेम आला तर फोनवर नुसतं वर्णन ऐकून ओळखता येतो, मी दोनदा ओळखलाय.

ही मर्यादा म्हणजे सोमॅक्सकॉन नावाची सेटिंग. कितीतरी वर्षं ती १२८ च होती, २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ५.४ व्हर्जनमध्ये ती ४०९६ झाली, गूगलमधल्या एरिक ड्यूमाझे यांनी तो बदल केला. आमच्या मशीनवर तेव्हा सेंटओएस ७ (लिनक्सचाच एक प्रकार) होतं आणि त्याचा कर्नल ३.१०, म्हणजे जुनंच बाकडं. आणि नुसतं कर्नलमध्ये वाढवून भागत नाही हे पण सांगून ठेवते, कारण इंजिनएक्स स्वतःहून लिनक्सवर ५११ ची रांग मागतो आणि दोघांपैकी जो आकडा लहान तोच लागू होतो, म्हणजे कर्नलमध्ये ४०९६ केलं तरी इंजिनएक्सच्या लिसनच्या ओळीत सांगितलं नाही तर रांग ५११ वरच अडणार. दोन्हीकडे बदललं, सर्व्हिस रिस्टार्ट केली, पुढच्या रविवारी एकही फोन नाही. दोन ओळींचा बदल. तीन आठवडे आम्ही नवीन मशीन घ्यायचं का यावर चर्चा करत होतो.

आता या वस्तूचा सगळ्यात मोठा गुण, जो मला त्या दिवशी कळला. कर्नल काहीही लपवत नाही. टाकलेलं जवळजवळ प्रत्येक पॅकेट कुठेतरी मोजलेलं असतं. एनस्टॅट ही आकडे दाखवणारी कमांड लावा, लिसन ओव्हरफ्लोजचा आकडा बघा, किती वेळा बाकडं भरलं ते तिथे लिहिलेलं आहे. परत पाठवावी लागलेली पॅकेट्स मोजलेली, टाइमस्टॅम्प (पॅकेटवरचा वेळेचा आकडा) जुळला नाही म्हणून नाकारलेली मोजलेली, कार्डच्या रिंगमध्ये (पॅकेट्स ठेवायच्या जागेत) जागा नव्हती म्हणून गेलेली इथटूल या कमांडमध्ये मोजलेली. मी इतकी वर्षं वेगवेगळी सॉफ्टवेअर वापरली, पैसे देऊन घेतलेली पण, चूक झाली की इतक्या प्रामाणिकपणे हिशेब दाखवणारं दुसरं मला भेटलेलं नाही. फक्त विचारावं लागतं. तो स्वतःहून येऊन सांगत नाही, आणि इथेच नवीन माणूस फसतो, कारण सीपीयूचा ग्राफ सगळे बघतात आणि हे आकडे कोणी बघत नाही.

दुसरा गुण टिकाऊपणाचा. सॉकेट, बाइंड, लिसन, ॲक्सेप्ट हे जे चार कॉल आहेत ते १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्समध्ये आले, बर्कलीच्या विद्यापीठात. लिनस टोरवाल्ड्स यांनी हेलसिंकीत शिकत असताना १९९१ च्या ऑगस्टमध्ये आपल्या कर्नलची पहिली बातमी दिली तेव्हा त्यात नेटवर्क नव्हतंच, पुढच्या वर्षी रॉस बायरो यांनी पहिला टीसीपी आयपीचा कोड लिहायला घेतला, मग फ्रेड व्हॅन केम्पेन, मग ॲलन कॉक्स यांनी तो निस्तरून वापरण्यालायक केला. आतलं सगळं त्यानंतर कितीदा तरी उचकटून नवीन बसवलं गेलं. पण बाहेरून ते चार कॉल तसेच. मी स्वतः एका जुन्या कंपनीसाठी लिहिलेला हजेरीच्या मशीनकडून डेटा घेणारा छोटा प्रोग्रॅम, एकदाच कंपाइल केलेला, सेंटओएसवरून डेबियन १२ (हाही लिनक्सचाच प्रकार) च्या ६.१ कर्नलवर नेला आणि तो काहीही न बदलता चालला. वापरणाऱ्याचा प्रोग्रॅम मोडायचा नाही हा या लोकांचा नियम आहे आणि तो ते पाळतात, नेटवर्क सर्व्हिस वर्षानुवर्षं चालू ठेवणाऱ्या माणसाला याचं मोल विचारा.

एका मशीनवर हजारो कनेक्शन्स कशी पेलतात हा प्रश्न जुना आहे. १९९९ मध्ये डॅन केगेल यांनी दहा हजार कनेक्शन्सचा प्रश्न मांडला, तेव्हा सिलेक्ट नावाची पद्धत चालायची, त्यात १०२४ च्या वर गाडी जायचीच नाही, आणि शिवाय प्रत्येक वेळी प्रोग्रॅमने सगळी यादी कर्नलला द्यायची, कर्नलने प्रत्येकाकडे जाऊन तुझ्याकडे काही आलंय का असं विचारायचं, हजार दारं ठोठावायची आणि तीन ठिकाणी काम निघायचं. इपोल आलं ते दाविदे लिबेन्झी यांचं, २००३ च्या डिसेंबरमध्ये निघालेल्या २.६ मध्ये ते सगळ्यांच्या हातात पडलं. त्यात यादी एकदाच द्यायची, मग ज्याच्याकडे काही आलंय तेवढ्यांचीच नावं कर्नल हातात ठेवतो. २००४ मध्ये बाहेर आलेला इंजिनएक्स लिनक्सवर चालतो तो याच्याच जिवावर. आमचं चार जीबी रॅमचं मशीन आज टेस्टच्या वेळी हजारो उघडी कनेक्शन्स घेऊन बसतं आणि त्याला घाम येत नाही, त्याचं श्रेय मी आमच्या प्रोग्रॅमरच्या आधी इपोलला देते (आमचा प्रोग्रॅमर पण हेच म्हणतो). फक्त फाइल उघडण्याची मर्यादा तेवढी वाढवून घ्या, ती बऱ्याच ठिकाणी अजून १०२४ असते आणि मग "टू मेनी ओपन फाइल्स" येतं.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार टीसीपी टीडब्ल्यू रिसायकल या सेटिंगबद्दल. कनेक्शन बंद झालं की कर्नल ते आणखी ६० सेकंद टाइम वेट अवस्थेत ठेवतो, उशिरा पोचलेलं एखादं पॅकेट चुकून नव्या कनेक्शनमध्ये घुसू नये म्हणून. एसएस लावलं की अशी हजारो दिसतात आणि नवीन माणूस घाबरतो, मी पण घाबरले होते. कुठल्याशा लेखात लिहिलं होतं की ही सेटिंग १ करा, टाइम वेट लगेच साफ होतात, सर्व्हर फास्ट होतो. केली. खरंच साफ झाले. आणि मग एका क्लासच्या होस्टेलमधून तक्रार यायला लागली की वायफायवर काही पोरांचं पोर्टल उघडतंय आणि काहींचं अजिबात नाही, शेजारी शेजारी बसलेल्यांमध्ये. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर गेलं तर कधी उघडतं कधी नाही. आम्ही त्यांच्या राउटरवाल्याला दोष दिला, त्यांनी आम्हाला दिला.

कारण असं होतं. ती सेटिंग चालू असली की कर्नल प्रत्येक समोरच्या आयपी पत्त्याचा शेवटचा टाइमस्टॅम्प लक्षात ठेवतो आणि त्याच पत्त्यावरून त्याच्यापेक्षा जुना टाइमस्टॅम्प घेऊन कोणी आलं तर त्याचं पॅकेट टाकून देतो. होस्टेलची सगळी पोरं बाहेरून बघितलं तर एकाच आयपीवर, कारण मध्ये नॅट, म्हणजे अनेकांना एकाच पत्त्यामागे बसवणारी सोय. पण प्रत्येक फोनचं टाइमस्टॅम्पचं घड्याळ वेगळं. ज्याचं घड्याळ पुढे तो आत, ज्याचं मागे तो बाहेर, आणि पुढच्या मिनिटाला गणित बदललेलं. आपल्याकडे मोबाइल डेटावर पण एकेका पत्त्यामागे कितीतरी लोकं असतात, म्हणजे आपल्या देशात ही सेटिंग कुठल्याच पब्लिक सर्व्हरवर चालण्यासारखी नव्हती. नेटस्टॅटच्या आकडेवारीत "टाइमस्टॅम्पमुळे नाकारलेली कनेक्शन्स" अशा अर्थाची एक ओळ असते, तो आकडा आमच्याकडे लाखाच्या वर गेला होता. पुन्हा तेच, कर्नलने मोजून ठेवलं होतं, आम्ही बघितलं नव्हतं.

२०१७ मध्ये ४.१२ व्हर्जनमधून ती सेटिंग काढून टाकली, योग्यच केलं. पण माझी तक्रार राहतेच की इतकी घातक वस्तू इतक्या निरुपद्रवी नावाने इतकी वर्षं तिथे पडून होती, आणि जुन्या कर्नलवर चालणाऱ्या मशीन्सवर त्यानंतरही कितीतरी काळ होती. कॉपी पेस्ट करून सिसकंट्रोलच्या, म्हणजे कर्नलच्या सेटिंग्जच्या, वीस ओळी टाकणाऱ्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगते, प्रत्येक ओळ काय करते ते कर्नलच्या स्वतःच्या डॉक्युमेंटमध्ये वाचा आणि मग टाका. आयपी सिसकंट्रोल नावाची ती फाइल रुक्ष आहे, वाचताना दमायला होतं, पण तिच्यात खरं लिहिलेलं आहे.

दुसरी तक्रार कॉनट्रॅकची. फायरवॉल किंवा नॅट चालू असलं की कर्नल प्रत्येक कनेक्शनची नोंद एका टेबलात ठेवतो. डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत बंद करून चालवायचं टूल) वापरत असाल तर बहुतेक तुमच्याकडे हे चालू आहे आणि तुम्हाला माहीत पण नाही. आमच्या एका मशीनवर टेबलाची मर्यादा ६५,५३६ होती. एका संध्याकाळी पिंगसुद्धा अधूनमधून गायब व्हायला लागलं, डीमेसेज (कर्नलचे निरोप दाखवणारी कमांड) उघडला तर एकाखाली एक तीच ओळ, कॉनट्रॅक टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट. चालू कनेक्शनवर काहीच हालचाल नसली तरी त्याची नोंद त्यात ४,३२,००० सेकंद राहते, म्हणजे पूर्ण पाच दिवस. पोरगं टेस्ट देऊन फोन खिशात टाकून बसमध्ये चढलं, रेंज गेली, कनेक्शन कोणत्याच बाजूने नीट बंद झालं नाही, तर त्याची नोंद पाच दिवसांपर्यंत आमच्या टेबलात राहू शकते. पाच दिवस कशाला पाहिजे? लांबच्या, शांत पडून असणाऱ्या कनेक्शन्ससाठी असेल, पण वेब सर्व्हरला हा आकडा अजिबात शोभत नाही. आम्ही तो एका तासावर आणला, टेबल मोठं केलं आणि ज्या पोर्टला नोंदीची गरज नाही तिथे नोंदच बंद केली.

तिसरी तक्रार पण डीफॉल्ट आकड्यांचीच आहे आणि ती मला सगळ्यात जास्त खटकते. कीपअलाइव्ह, म्हणजे समोरचा जिवंत आहे का बघायला पहिलं पॅकेट, ते पाठवायच्या आधी कर्नल ७२०० सेकंद थांबतो. दोन तास. आणि तेही प्रोग्रॅमने मागितलं तरच. मध्ये बसलेली फायरवॉल त्याच्या कितीतरी आधी कनेक्शन विसरून गेलेली असते. त्याहून वाईट म्हणजे पाठवलेल्या डेटाला उत्तरच आलं नाही तर कर्नल पंधरा वेळा परत पाठवत राहतो आणि हार मानायला साधारण ९२४ सेकंद घेतो, पंधरा मिनिटं. आमचा डेटाबेसचा सर्व्हर एकदा वीज जाऊन धाडकन बंद पडला, दुसरा लगेच उभा राहिला, पण पोर्टलची जुनी कनेक्शन्स पंधरा मिनिटं मेलेल्या मशीनशी बोलत बसली. तेव्हापासून प्रत्येक प्रोग्रॅममध्ये टीसीपी यूझर टाइमआउट (उत्तर आलं नाही तर किती वेळाने हार मानायची ती सेटिंग) लावतो. हे आकडे इंटरनेट संथ आणि नाजूक होतं तेव्हाचे आहेत, ते ठरवणाऱ्यांनी विचार करूनच ठरवलेत हे मला मान्य आहे, पण नवीन माणसाने हे कुठून शिकायचं?

नेटवर्क कार्डपासून वर येणारा रस्ता मात्र फार सुंदर बांधलाय. पूर्वी प्रत्येक पॅकेटला कार्ड सीपीयूला हाक मारायचं, पॅकेट्स वाढली की सीपीयू नुसता हाकेला ओ देण्यातच संपायचा. नॅपी आलं आणि पद्धत बदलली, पहिली हाक आली की कर्नल कार्डाला म्हणतो आता तू गप्प बस, मीच येऊन घेऊन जातो, आणि एका खेपेला ६४ पर्यंत पॅकेट्स उचलतो, गर्दी ओसरली की परत हाका चालू. हे दिसतं कुठे, तर टॉपमध्ये कीबोर्डवरचा १ दाबला की सीपीयूचा प्रत्येक कोर वेगळा दिसतो, त्यात एसआय नावाचा आकडा असतो, पॅकेट्स हाताळण्यासारख्या कामात किती टक्के वेळ जातोय तो. आमच्या एका भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर चारपैकी पहिल्या कोरचा एसआय ९७ आणि बाकी तिघांचा शून्य, कारण कार्डाला रांगच एक होती आणि सगळी पॅकेट्स एकाच कोरवर येऊन पडत होती. आरपीएस ही पॅकेट्स कोरांमध्ये वाटणारी सोय चालू केली, जे २०१० पासून कर्नलमध्ये आहे, आणि काम चौघांत वाटलं गेलं. त्यासाठी एका फाइलमध्ये एफ हे एक अक्षर लिहायचं, बस.

वेगाबद्दल एक गोष्ट मी मुद्दाम सांगणार आहे. किती जोरात पाठवायचं हे पण कर्नलच ठरवतो. २००६ पासून क्यूबिक ही रीत डीफॉल्ट आहे, ती पॅकेट हरवलं की वेग कमी करते. गूगलवाल्यांची बीबीआर २०१६ च्या डिसेंबरमध्ये ४.९ मध्ये आली, ती हरवण्याची वाट न बघता रस्ता किती रुंद आहे आणि जायला यायला किती वेळ लागतोय ते मोजत राहते. आमची पोरं ग्रामीण भागातून, कमी रेंजवरून येतात, तिथे पॅकेट हवेतच हरवतं, गर्दी नसताना. प्रश्नपत्रिकेतल्या आकृत्यांसाठी आम्ही बीबीआर लावली आणि सुरगाण्याच्या बाजूच्या एका सेंटरवरून सरांचा स्वतःहून मेसेज आला की यावेळी चित्रं लवकर आली. सगळीकडे फरक पडला असं नाही म्हणणार, शहरातल्या फायबरवर तर काहीच जाणवलं नाही.

आणि ऑफिसची लाइन. बॅकअप अपलोड सुरू झाला की सगळ्यांचे व्हिडिओ कॉल तुटायचे, सर्व्हरवर टाइप केलेलं अक्षर दोन सेकंदांनी दिसायचं, आणि लाइनवाले म्हणायचे जास्त स्पीडचा प्लॅन घ्या. प्लॅनचा दोष नव्हता. मधल्या राउटरमध्ये पॅकेट्स साठवायची जागा इतकी मोठी ठेवतात की रांगेतच दोन सेकंद जातात, याला जिम गेटिस यांनी बफरब्लोट नाव दिलं. त्यावरचा इलाज म्हणजे रांग आटोक्यात ठेवणाऱ्या पद्धती, त्यातली एफक्यू कोडेल २०१२ मध्ये ३.५ मध्ये आली आणि केक २०१८ मध्ये ४.१९ मध्ये. मी एका जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी टाकलं, त्यातही लिनक्सच, केक चालू केलं, वेग खऱ्या लाइनपेक्षा थोडा कमी सांगितला म्हणजे रांग लाइनवाल्याच्या डब्यात न लागता माझ्या राउटरमध्ये लागेल, आणि बॅकअप चालू असताना कॉल चालला. एक रुपया जास्त खर्च न करता. या कामात डेव्ह टाट नावाच्या माणसाने कितीतरी वर्षं झोकून दिलं होतं, मेलिंग लिस्टवर कोणालाही मदत करायचे, २०२५ च्या एप्रिलमध्ये ते गेले. घरचा व्हिडिओ कॉल अडकत नाही तेव्हा त्यामागे अशी माणसं असतात, मला ते इथे लिहावंसं वाटलं.

सुरक्षेबद्दल थोडक्यात. १९९६ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट कंपनीवर खोट्या सुरुवातीच्या पॅकेट्सचा मारा झाला, त्यावर डी. जे. बर्नस्टाइन यांनी सिन कुकीजची युक्ती सुचवली, कर्नल आलेल्याची आठवण स्वतःकडे न ठेवता उत्तराच्या आकड्यातच गुंफून पाठवतो. ती आजही आपल्या सर्व्हरवर चालू असते. उलट बाजूही आहे, २०१९ च्या जूनमध्ये सॅक पॅनिक बाहेर आलं, बाहेरून विशिष्ट पॅकेट्स पाठवली की मशीन कोसळायचं, आणि दोष २.६.२९ पासून सगळ्यात होता. नेटफ्लिक्सच्या माणसाने तो शोधला. कर्नल सगळ्यांच्या खाली असल्यामुळे त्यातली चूक पण सगळ्यांची होते, म्हणून रीस्टार्टच्या भीतीने अपडेट पुढे ढकलू नका. वायरगार्ड, म्हणजे दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणी करणारं व्हीपीएन, २०२० च्या मार्चमध्ये ५.६ सोबत आत आलं, घरून काम करताना आम्ही तेच वापरतो, सेटअपची फाइल दहा ओळींची, आणि कर्नलच्या आत असल्यामुळे वेग उत्तम.

इबीपीएफवर वेगळं लिहावं लागेल इतकं ते मोठं आहे. चालू कर्नलमध्ये आपला छोटा तपासलेला प्रोग्रॅम घालता येतो, मशीन न थांबवता. टीसीपी रीट्रान्स नावाचं टूल लावलं की कुठल्या पत्त्याला पॅकेट परत पाठवावं लागतंय ते समोर ओळीने येतं. याच्यावरच बेतलेलं एक्सडीपी ४.८ मध्ये आलं, पॅकेट कार्डातून निघाल्या निघाल्या टाकून द्यायचं किंवा वळवायचं, फेसबुकचा कट्रान लोड बॅलन्सर (काम अनेक मशीन्सवर वाटणारा) त्यावर चालतो. आमच्या आकाराच्या कंपनीला तेवढं लागत नाही, पण बघायची टूल्स प्रत्येकाने टाकून ठेवावीत.

लिनक्सऐवजी फ्रीबीएसडी (अशीच दुसरी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) घ्यावं का असं मला विचारतात. नेटफ्लिक्सची व्हिडिओ पुरवणारी मशीन्स त्याच्यावर चालतात म्हणजे दर्जाबद्दल प्रश्नच नाही, इपोलचंच काम करणारं त्याचं केक्यू तर इपोलच्या आधीचं, २००० सालचं, आणि त्याचं डॉक्युमेंटेशन लिनक्सपेक्षा कितीतरी सुटसुटीत आहे, हे मी मनापासून सांगते. पण नाशिकमध्ये मला रात्री अडलं तर विचारायला माणूस लिनक्सवालाच मिळतो, डॉकर लागतं, भाड्याच्या मशीन्सवर सरसकट लिनक्स असतं, म्हणून आम्ही इथेच.

मार्क द्यायचे तर पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो डीफॉल्ट आकड्यांसाठी आणि नवीन माणसाला वाट न दाखवण्यासाठी. घेताना दीर्घकाळ सपोर्टवाला कर्नलच घ्या, आम्ही ६.१ वरून डेबियन १३ च्या ६.१२ वर चाललोय, एक मशीन झालं, तीन बाकी. आता दर रविवारी पावणेदहाला आमचा तोच ज्युनियर तीन खिडक्या उघडून बसतो, एकीत एसएस, दुसरीत एनस्टॅट, तिसरीत कॉनट्रॅकचा आकडा, आणि दहा वाजून पाच मिनिटांनी ग्रुपवर मेसेज टाकतो, "ताई, ओव्हरफ्लो शून्य."